पांढरी पाच, काळी पाच

परीक्षेचं पर्यवेक्षण होतं, म्हणून फोनचा आवाज बंद करून तो खिशात टाकला होता. थरथरला तेव्हा मी वर्गाच्या मागच्या दारापाशी उभा होतो. काढून पाहिलं, पडद्यावर नाव : सोपानदादा. कापला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच नाव, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा मनात जे आलं ते इथं लिहायचंच असं ठरवून बसलोय, म्हणून लिहितो... मनात आलं, झालं सुरू यांचं. मार्च लागला होता. हिवाळी पाखरं परतायचे दिवस, आणि ती परतायच्या आत दादा एकदा तरी विचारायचेच, "सर, माझ्या पाखराचं काय झालं मंग?" त्या प्रश्नाची मला धास्ती होती. तिसरा फोनही कापला. चौथा अनोळखी नंबरवरून आला म्हणून व्हरांड्यात जाऊन उचलला. दादांची मुलगी करुणा बोलत होती. "सर, बाबा गेले सकाळी. त्यांच्या फोनवरून तीनदा लावला तुम्हाला. म्हटलं, त्यांचं नाव बघून तरी उचलाल."

तेव्हापासून सहा आठवडे होत आले. नीट झोप लागत नाही, वर्गात शिकवताना वाक्य अर्ध्यावर सुटतं. दादांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात शिरड शहापूरला बरेच लोक बोलले. गायन पार्टीतले जुने साथीदार बोलले, कालव्यावरचे सोबती बोलले. मलाही उभं केलं. मी म्हणालो, दादा निसर्गप्रेमी होते, त्यांच्या जाण्यानं मोठी पोकळी निर्माण झाली, आणि खाली बसलो. ही दोन वाक्यं कुणाबद्दलही चालली असती. जे फक्त दादांबद्दल होतं आणि फक्त मलाच ठाऊक होतं, ते तसंच घशात राहिलं.

सोपान मारोती पाईकराव. पाटबंधारे खात्यात चौकीदार म्हणून त्यांची नोकरी कालव्याच्या काठाकाठानं चालण्यात गेली. कोणतं दार किती उघडलं, कुठं पाणी झिरपतंय, कुणी रात्रीतून भगदाड पाडलंय, हे सगळं सकाळी उजाडता उजाडता पायी बघायचं. आणि चौदा एप्रिलच्या आसपास महिनाभर त्यांना घरी बसायला सवड नसे, कारण पंचक्रोशीतल्या भीमगीतांच्या कार्यक्रमांना पेटीवर तेच लागत. पेटी म्हणजे हार्मोनियम. वाजवायचे, आणि इतरांच्या बिघडलेल्या पेट्या दुरुस्तही करून द्यायचे. एखादा स्वर पट्टी सोडली तरी गुणगुणत राहिला तर पेटीच्या पोटात हात घालून ते म्हणायचे, "हिला खोकला झालाय."

मी हिंगोलीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या शाळेत पक्ष्यांवर बोलायला गेलो होतो. भिंतीवर चित्रं दाखवता दाखवता वटवट्यांवर आलो. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी ही टीचभर हिरवट पाखरं, वजन जेमतेम पाच-सहा ग्रॅम, दिवसभर पानांआड किडे टिपत असतात, सगळी दिसायला सारखी, त्यामुळे ओळख पटवायची ती आवाजावरून. मग मी तोंडानं एक आवाज काढून दाखवला. मागच्या रांगेतून डोक्याला रुमाल बांधलेला एक माणूस उभा राहिला. "सर, कोन्त्या पट्टीत?"

मुलं फिदीफिदी हसली. मुख्याध्यापक म्हणाले, "सोपान, बस खाली, हा गायनाचा कार्यक्रम नाही." मीही हसलो. पण कार्यक्रम संपल्यावर तो माणूस दाराशी थांबलेला. "राग आला का सर? तसं न्हाई. तुमी जो आवाज काढला, तसला कालव्यावर कोन्तंच पाखरू काढत न्हाई. म्हून पुसलं." पुढच्या रविवारी ते हिंगोलीला माझ्या घरी आले, मोटारसायकलच्या मागं पेटी बांधून. माझ्या बायकोला वाटलं, वर्गणी मागायला आलेत. त्यांनी पेटी फरशीवर ठेवली, भाता हलवला आणि दोन पट्ट्या एकामागून एक अलगद दाबल्या. "हे घ्या. सर, पाखरू आपल्या पेटीच्या लई वर गातं. तितक्या वर पेटी जात न्हाई. म्हून मी त्याला खाली बोलावतो... दोन सप्तकं खाली. मंग येतं गुमान."

मी फोनवर त्या पाखराचं इंटरनेटवरचं ध्वनिमुद्रण लावलं, आणि थक्क झालो. मी तोंडानं काढलेला आवाज खरंच चुकीचा होता. बारा वर्षं मी तो विद्यार्थ्यांना तसाच शिकवत आलो होतो.

तिथून आमचं सोबत फिरणं सुरू झालं. कालव्याच्या कडेला एक जुनी आमराई आहे, झाडं एकमेकांत शिरलेली. तिथं आम्ही कित्येक रविवार घालवले. माझ्या गळ्यात दुर्बीण, त्यांच्या खिशात शाळकरी वही. वहीत उभ्या रेघा मारून रकाने केलेले : तारीख, वारा, धुकं, पाखरू, सूर. सुराच्या रकान्यात ते पेटीवाल्यांच्या रोजच्या भाषेत लिहायचे. काळी चारवरून पांढरी पाचला उतरलं. पांढरी तीनवर दोनदा ठोकलं. मी दुर्बिणीतून पाखराच्या डोळ्यावरची भुवईसारखी रेघ शोधेपर्यंत ते डोळे मिटूनच सांगायचे, "तुमचा साहेब हाय वर, डाव्या फांदीला."

साहेब म्हणण्याचं कारण असं की आमच्याकडं नेहमी येणाऱ्या एका वटवट्याचं नाव एका जुन्या इंग्रज अधिकाऱ्यावरून पडलंय. हा हिमालयातल्या आणि मध्य आशियातल्या डोंगरांतल्या जंगलांत घरटी करतो. त्याचा एक भाऊबंद आहे, पिवळ्या भुवईचा वटवट्या, तो आणखी उत्तरेला, सैबेरियाकडं वाढतो आणि हिवाळ्यात बहुतेक करून पूर्वेकडच्या देशांत उतरतो. आपल्या भागात तो दिसणं म्हणजे नवलच. दोघं इतके सारखे की पुष्कळ वर्षं शास्त्रज्ञांनी त्यांना एकच जात मानलं, एक दुसऱ्याची उपजात. पुढं आवाज नीट ऐकले गेले, डीएनए तपासला गेला, आणि दोघांना वेगळं काढलं. साहेबाची हाक दोन तुकड्यांची, शेवटी जराशी खाली बसणारी. दुसऱ्याची बारीक, आणि वर चढत जाणारी.

हे मी आमराईत बसून दादांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे दिसायला सारखे म्हून एका डब्यात टाकले, आन् आवाज आयकला तवा येगळे केले. बरंय. आपल्याकडं उलटं असतंय. आवाज कोन आयकत न्हाई, आधी आडनाव पुसतात." आणि हसले. मीही हसलो. ते हसणं मला अलीकडं फार आठवतं.

आता ती सकाळ. चार हिवाळ्यांपूर्वीची, जानेवारीतली. धुकं नुकतंच उठलेलं, कुठलंही पान हलत नव्हतं. आम्ही आमराईत शिरलो आणि दादांनी हात वर करून मला थांबवलं. वरून हाक आली. बारीक, ओलसर, आणि शेवटी स्पष्ट वर चढलेली. दादांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे कधी विसरणार नाही, देव्हाऱ्यात काहीतरी सापडावं तसे... नाही, ही उपमा त्यांना आवडली नसती. पेटीतला खोकला नेमका कुठल्या पट्टीखाली आहे ते सापडल्यावर ते जसे बघत, तसे बघत होते. मी फोन काढून ध्वनिमुद्रण सुरू केलं. पाखरानं चारदा हाक दिली. चारही वेळा सूर चढला. ध्वनिमुद्रणात दादांची कुजबूज आहे, "चढला, सर... आयकलं का? चढला." आणि त्यावर माझा आवाज आहे. स्वच्छ, ओळखू येणारा. "हो. हो, ऐकलं."

परतताना ते कालव्याच्या काठावर पोरासारखे उड्या मारत चालले होते. त्या संध्याकाळी करुणानं शिकवलं होतं तसं त्यांनी पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकली. हे संकेतस्थळ असं चालतं : कुणीही पाहिलेल्या पाखरांची यादी टाकतो, एखादं पाखरू त्या भागात दुर्मीळ असलं तर ती नोंद जिल्ह्याच्या तपासनीसाकडं जाते, आणि त्यानं होकार दिला तरच ती कायम धरतात. आमच्या जिल्ह्याचा तपासनीस मी. दादांनी वर्णनाच्या चौकटीत लिहिलं होतं : "पांढरी पाचवरून काळी पाचला चढतो. दोन सप्तकं खाली आणून. चार वेळा. सर सोबत होते. सरांनी फोनात घेतला."

त्याच महिन्यात माझा एक शोधनिबंध छापायला गेला होता. जिल्ह्यातल्या हिवाळी वटवट्यांवर. त्यात मी ठाम लिहिलं होतं की या दोन भावंडांपैकी आपल्याकडं फक्त एकच येतो, दुसऱ्याच्या तुरळक नोंदी म्हणजे ओळखण्यातल्या चुका. माझ्या बढतीची मुलाखत तोंडावर आली होती आणि त्या निबंधाचा त्यात मोठा आधार होता. संपादकांना एक पत्र टाकलं असतं, एक परिच्छेद बदला म्हणून, तर फार तर महिना-दोन महिने उशीर झाला असता. मी पत्र टाकलं नाही. दोन दिवस ती नोंद उघडून बघत राहिलो, बंद करत राहिलो. तिसऱ्या दिवशी नोंद नाकारली आणि कारणाच्या जागी लिहिलं : आवाजाचे वर्णन अपुरे. ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.

हे लिहिताना ध्वनिमुद्रण माझ्यापासून हातभर अंतरावर, टेबलावरच्या फोनमध्ये होतं.

दादांचा फोन आला. "सर, न्हाई म्हनलं की हो त्यायनी." नोंद कोण तपासतं हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, पुण्या-मुंबईकडं कुणी मोठी माणसं बसलेली असतील. "तुमच्या फोनात हाय ना तो आवाज? तेवढा पाठवून द्या की." मी म्हणालो, "दादा, तो नीट आलाच नाही. वाऱ्यानं बिघडला." ते म्हणाले, "असं व्हय... वाऱ्यानं." आणि लगेच माझ्या मुलीची परीक्षा कधी आहे ते विचारलं.

बढती झाली. दरम्यान मी स्वतःला सांगत राहिलो की पुढच्या हिवाळ्यात दुरुस्त करू. पुढचा हिवाळा आला तेव्हा कबूल करायला एका खोट्याऐवजी दोन होती, त्याच्या पुढच्याला तीन. कधीकधी मी एक प्रश्न स्वतःला विचारतो आणि उत्तराच्या आत उठून पाणी प्यायला जातो. तो असा, की त्या सकाळी माझ्यासोबत पुण्याचा एखादा नावाजलेला पक्षितज्ज्ञ असता, तर मी त्याला "वाऱ्यानं बिघडला" म्हणालो असतो का? धजलो असतो का? दादांना म्हणालो, कारण त्यांच्या बाजूनं विचारायला कुणी येणार नव्हतं हे मला आतून माहीत होतं. त्यांनी आडनावाबद्दल म्हटलेलं वाक्य, ज्यावर मी हसलो होतो, ते माझ्याबद्दल नाही असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

दादा मात्र दर जानेवारीत आमराईत जात राहिले. निवृत्त झाले होते, छातीचा त्रास सुरू झाला होता, डॉक्टरांनी थंडीत बाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं. मफलर गुंडाळून, करुणाचा जुना फोन घेऊन जायचे. या खेपेला आवाज आपणच घ्यायचा, सरांच्या भरवशावर राहायचं नाही, असं हसत म्हणायचे. शेवटची भेट या जानेवारीतली. मला वाशिमला जायचं होतं आणि ते गोरेगावला पेटी पोचवून येत होते, म्हणून कनेरगाव नाक्यावर चहाला भेटलो. फार वाळले होते. चहा बशीत ओतून फुंकत म्हणाले, "सर, माझ्या पाखराचं काय झालं मंग?" मी म्हणालो, "दादा, बघू ना. पुरावा लागतो हो." ते म्हणाले, "बराबर हाय. पुरावा तर पायजेच." मग खोकला आला, तो थांबेना. मी पाण्याचा ग्लास पुढं केला. एवढंच केलं.

कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांनी मी पुन्हा शिरड शहापूरला गेलो. करुणा नांदेडला कामावर परतली होती. दादांच्या पत्नी, शांतावहिनी, ओसरीत हळकुंडं पसरत होत्या. मला बघून उठल्या, आत गेल्या आणि वह्यांचा गठ्ठा आणून समोर ठेवला. "करुणा म्हनली, सरायला देऊन टाक, त्यायच्याच कामाच्या हायेत." मी त्या जानेवारीची वही शोधली. पान सापडलं. तारीख. धुकं, होतं, मग उठलं. पाखरू, दुसरा भाऊ. सूर, पांढरी पाच ते काळी पाच, चढला, चारदा. आणि वाऱ्याच्या रकान्यात : "न्हाई. पान हालत नव्हतं."

त्याच ओळीखाली, दुसऱ्या शाईनं, दोन-तीन दिवसांनी लिहिल्यासारखं : "सर म्हणाले वाऱ्यानं बिघडला."

बस, एवढंच. खाली प्रश्नचिन्ह नाही, रेघ नाही. पुढं दर जानेवारीला एकच ओळ, कधी आठ दिवस सलग, कधी पंधरा : "गेलो. आला न्हाई." "गेलो. आला न्हाई." यंदाचीही पानं होती. अक्षर हललेलं.

त्यांना ठाऊक होतं का? चार वर्षं ठाऊक असून ते माझ्यासोबत चहा पीत राहिले का? दरवर्षी विचारत होते ते पाखराबद्दल, की मला बोलायला जागा करून देत होते? मला कळत नाही. रोज वेगळं उत्तर येतं, आणि कुठल्याही उत्तरानं मी सुटत नाही.

मी वहिनींना तिथंच सगळं सांगितलं. नोंद, फोन, निबंध, सगळं. त्या हळकुंडांवर हात फिरवत ऐकत होत्या. मी थांबलो तरी हात फिरतच राहिला. मग म्हणाल्या, "मला काहून सांगून राहिलात? ज्याला सांगाचं व्हतं तो गेला की."

मी वही मिटून गठ्ठ्यावर ठेवली.

"दर साली थंडीत पहाटं जायाचे. मी म्हनायची, काहून जीव घालून राहिले त्या पाखरापायी, छातीची तकलीफ हाय. तर म्हनायचे, शांता, माझं आयकनं खरं हाय का खोटं, तेवढं ठरू दे." त्यांनी पदरानं हात पुसले. "तुमाला ठावं व्हतं, खरं हाय म्हून."

"हो वहिनी."

"मंग लिवा. पेपरात लिवा, चार मान्सं वाचतील असं. आन् त्यायचं नाव बराबर लिवा, सगळं. सोपान मारोती पाईकराव. नुसतं 'एक चौकीदार' असं नगा लिवू."

म्हणून हा लेख. तपासनीसाचं काम मी सोडलं आहे. ध्वनिमुद्रण, माझ्या "हो, ऐकलं" सकट, दादांच्या नोंदीला जोडून दुसऱ्या जिल्ह्याच्या तपासनीसाकडं पाठवलं आहे. निबंध ज्या नियतकालिकात आला त्याच्या संपादकांना आणि आमच्या प्राचार्यांना पत्रं लिहिली आहेत, कारणासकट. कुठूनच उत्तर आलेलं नाही. माझं जे व्हायचं ते होईल. दादांच्या नोंदीसाठी मात्र मी दिवसातून चार-पाचदा ते पान उघडून बघतो. "तपासणी चालू" असं दिसतं. मग मला करुणाच्या जुन्या फोनवर तेच पान उघडून बघणारे दादा दिसतात.

त्या दिवशी निघताना ओसरीच्या कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेली पेटी दिसली. मी विचारलं, बघू का. वहिनींनी कापड काढलं. दोन पट्ट्यांवर नखरंगाचे लाल ठिपके होते, एक पांढरीवर, एक काळीवर. "करुणाचा रंग घेऊन लावले त्यायनी," वहिनी म्हणाल्या. "घरी कोनीबी आलं की वाजवून दावायचे, आमचं पाखरू आयका म्हून. येनारा-जानारा कंटाळायचा." मला पेटी येत नाही. एका हातानं भाता आणि एका हातानं पट्टी हे जमेना, नुसता श्वास फुसकन सुटायचा. वहिनी समोर बसल्या आणि भाता त्यांनी हातात घेतला, सवयीचा असावा तसा. मी ठिपके शोधून बोट ठेवलं. एक पट्टी दाबली, मग दुसरी.

वहिनींनी भाता थांबवला. माझ्या बोटाकडं पाहत म्हणाल्या, "उलटं झालं, सर. हा तर उतरला. त्यायचं पाखरू चढतंय."

आणि भाता पुन्हा हलवू लागल्या.